हरलेल्यांना सहलीला नेणारे मामा

दिल्लीत जिंकलेली माणसं पैशाला पासरी मिळतात. पण हरलेला, आणि तसं चारचौघांत खणखणीत आवाजात सांगणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे माझे मामेसासरे. तरुणपणी कलेक्टर व्हायला ते साताऱ्याहून इथे आले. परीक्षेचे सगळे प्रयत्न संपले, पण परत जायचं राहून गेलं. मग क्लास काढला, तो बसला. नोएडात थालीपिठांचं हॉटेल काढलं, ते बंद पडलं. हल्ली शाळांना परीक्षानळ्या पुरवतात, त्यातल्या निम्म्या वाटेतच फुटतात. गणेशोत्सवात कोणी "मी अमुक मंत्रालयात जॉइंट सेक्रेटरी" अशी ओळख करून दिली, की मामा त्याच थाटात हात पुढे करतात, "मी यूपीएससी नापास. सगळे अटेम्प्ट." अपयश ही यशाची पहिली पायरी, असं कुणी म्हटलं तर मात्र त्यांचं डोकं फिरतं. "तसं असतं तर माझा एव्हाना कुतुबमिनार झाला असता," म्हणतात आणि आणखी एक मोदक मागून घेतात.

साहजिकच बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्या मराठी मंडळींत मामांना कुणी चहालाही बोलवत नाही. पाया पडायला वाकलेल्या मुलाला एका वहिनींनी मागून ओढलेलं मी स्वतः पाहिलंय. पण निकाल लागले, कुणाची नोकरी गेली, कुणाचा धंदा बुडाला, की तीच मंडळी दबक्या आवाजात फोन करतात, "मामा, रविवारी मोकळे आहात का?" मामा मोकळेच असतात. आपल्या खडखडत्या गाडीत त्या माणसाला घालतात आणि थेट पानिपतला, काला अंबला नेतात. मराठे हरले तिथे. समजूत नाही, उपदेश नाही. वाटेत पराठे, स्मारकापाशी सतरंजी पसरून चिवडा, संध्याकाळी घरी. आमचे हे म्हणायचे, "खचलेल्या माणसाला न्यायची ही काय जागा झाली?"

गेल्या हिवाळ्यात आमची लेक मुक्ता लग्न मोडून आमच्याकडे फरीदाबादला परत आली. मी सोसायटीत सांगून टाकलं, तिचं वर्क फ्रॉम होम चालू आहे. पुण्याच्या आत्याबाई फोनवर "थोडं ॲडजस्ट करावं लागतं" म्हणायच्या, समोरच्या आंटी लिफ्टमध्ये "बेटी वापस कब जा रही है?" विचारायच्या. मुक्ता खोलीबाहेर येईनाशी झाली. नोकरीही सोडते म्हणाली. पोर अशीच मिटून जाते की काय, अशी भीती मला वाटायला लागली. शेवटी मीच मामांना फोन केला.

मामा दारातूनच म्हणाले, "चल गं, पानिपतला जाऊ."

"मामाआजोबा, मूड नहीं है यार."

"मूड कशाला? गाडीत बसायचंय फक्त. आईलाही घे."

ऊन कोवळं होतं. मुक्ता बराच वेळ स्मारकाकडे बघत बसली. मग म्हणाली, "इतके वाईट हरले, फिर भी लोग आते हैं?"

"येतात की. महाराष्ट्रातून बसा भरून येतात. फुलं वाहतात, डोळे पुसतात. का हरलात, असं कोणी विचारत नाही."

"तुम्हाला इथे पहिल्यांदा कोणी आणलं?"

मामांनी हातातला चिवडा परत डब्यात टाकला. "कोणी नाही. शेवटचा निकाल लागला तेव्हा बसनं एकटाच आलो होतो. दिवसभर बसलो. शेजारी कोणी असतं तर बरं झालं असतं, एवढंच वाटलं. म्हणून मग इतरांबरोबर येतो."

मुक्तानं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि घरी आल्यापासून पहिल्यांदाच रडली. मामा अवघडले, पण खांदा हलवला नाही. त्या घडीला मला त्यांची फार माया आली.

परतताना गाडी मुक्तानं चालवली. हायवेला लागल्यावर तिनं विचारलं, "मग साताऱ्याला परत कधीच नाही गेलात?"

"कलेक्टर होऊन येतो म्हणून निघालो होतो गं. सगळं गाव स्टँडवर सोडायला आलं होतं." मामा बाहेरच्या शेतांकडे बघत राहिले. "नाही जमलं पुढे."

मुक्तानं गाडीचा वेग थोडा कमी केला. "उद्या ऑफिसला जाते," ती म्हणाली, "मे महिन्याची सुट्टी आत्ताच मागून ठेवते. मी येते तुमच्याबरोबर."