तीन दमांची वात

भोंगा कुणालाही नावाने हाक मारत नसे. ती दगड मारी. काम असलं तर पोटरीला, राग असला तर डोक्याला, आणि माणूस आवडला असला तर पाठीत, दोन खांद्यांच्या बरोबर मधे. नेम कधी चुकत नसे आणि दगड निवडण्यातही चूक नसे. पाठीचा खडा बोराएवढा, डोक्याचा लिंबाएवढा. माझ्या डाव्या भुवईवर जी खोक आहे ती सायकलवरून पडल्याची, असं मी मुलगी बघायला गेलो तेव्हा सासरेबुवांना सांगितलं होतं. साफ खोटं. ती लिंबाएवढ्याची आहे. डोक्याच्या मागे केसांत आणखी एक आहे, तिची गोष्ट पुढे येईल.

जिच्या तबकड्या आज साता समुद्रांपलीकडे वाजतात आणि जिच्या दमसासावर परदेशी पेपरांतून रकानेच्या रकाने येतात, ती हीच. खरं नाव यल्लम्मा. पण उरवड्यात सगळे तिला भोंगाच म्हणत, आणि मला ते नाव पुसता आलेलं नाही.

पन्नासचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी पुण्याहून उरवड्याच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा सोबत एक वळकटी होती, एक पेटी होती आणि आपल्याला गाणं कळतं हा गैरसमज होता. त्याच सुमारास पौडचा रस्ता रुंद करायचं काम निघालं. खडीसाठी गावाबाहेरचं टेकाड फोडायला तेलुगू मुलखातून वडारांची पाच-सहा पालं आली. त्यांतल्या शेवटच्या पालात तिमय्या आणि त्याची दहा-अकरा वर्षांची पोर. आई वाटेत तापाने गेली होती. तिला कुठल्या गावाच्या शिवारात पुरली तेही बापलेकीला सांगता येत नव्हतं. गावातल्या मुली तिच्या बोलण्याची नक्कल करत, मुलगे वेणी ओढून पळत. पहिल्या आठवड्यातच तिने दोघांची डोकी फोडली. मग तिच्या वाटेला कुणी जाईना, आणि खेळायलाही कुणी येईना. दिवसभर ती खाणीच्या कडेला एका खडकावर एकटी बसून असे. मराठीतला एकच शब्द तिला येत होता: सुरुंग.

तो शब्द हेच तिचं काम होतं. तिमय्या खाणीत सुरुंग लावी. पहारीने पाच भोकं पाडायची, दारू ठासायची, वर माती दाबायची, मधून वात काढायची. घड्याळ मुकादम पांडबाच्या मनगटावर होतं, पण ते त्याच्या लग्नापासून बंद होतं. म्हणून तिमय्याने आपली रीत बसवली होती. पोरीच्या तीन दमांत जळेल तेवढीच वात तो कापी. पहिल्या वातीला विडी टेकली की वर खडकावर भोंगा ओरडू लागे, "सुरुंऽऽऽग!" हा पहिला दम चालू आहे तोवर तिमय्या पुढच्या वाती पेटवी. दम तुटला की उरलेल्या तशाच टाकून वर चढायला लागे. पाचवी वात बहुतेक राहूनच जाई. दुसऱ्या दमात ओढा ओलांडायचा, तिसऱ्यात कातळामागे आडवं व्हायचं. मग धडाम. रानातली माणसंही त्या आवाजावर गुरं बाजूला घेत.

"तिमय्या, भीती नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"माजी पोर घड्याळ हाय, गुर्जी," तो म्हणाला. "चावी बी द्यायला लागत न्हाई."

माझी नि तिची ओळख रक्तानेच झाली. मी वर्गात प्रार्थना बसवत होतो. माझी पेटी ऐकून शाळेमागची म्हैस आटली, असं पांडबा चारचौघांत सांगत असे. त्या दिवशी एका ओळीवर माझं बोट सारखं चुकीच्या पट्टीवर पडत होतं. चौथ्यांदा पडलं आणि खिडकीतून लिंबाएवढा आला. मी कपाळ धरून बाहेर धावलो, तिला पकडलं आणि मुस्काटात ठेवून दिली. तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. तेवढ्यात तिमय्या पोचला आणि दोराने तिला असं बडवू लागला, की मलाच मधे पडावं लागलं. दोन फटके मलाही बसले. ते चुकून बसले असं मी बरीच वर्षं मानत होतो. एवढं होऊनही पोर रडली नाही. नाकाचं रक्त मनगटाने पुसलं आणि माझ्याकडे रोखून बघत तिने तीच ओळ गाऊन दाखवली. शब्द एकही धड नव्हता, सूर सगळे जागच्या जागी होते. वर्ग हसला. तिला नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेच्या उंबऱ्यावर बसू लागली. मला येत होतं तेवढं गाणं तिने पंधरा दिवसांत संपवलं. पण ते कबूल करायला मास्तराची जीभ रेटत नाही, म्हणून मी दम वाढवायचं काढलं. पुण्याला माझ्या पेटीच्या गुरुजींनी ही युक्ती मला शिकवली होती आणि मला ती कधीच जमली नव्हती. पेटती पणती तोंडासमोर धरायची, 'आ' लावायचा, ज्योत हलता कामा नये. मी हात वर धरायचा, आणि हात वर आहे तोवर दम सोडायचा नाही. पहिल्या दिवशी ती काळीनिळी पडून उंबऱ्यावरच आदळली. उठून म्हणाली, "परत." तो तिचा मराठीतला दुसरा शब्द.

दोन महिन्यांत असं झालं, की माझा हात भरून येई पण तिचा दम सरत नसे. त्या दिवसांत मला रोज पाठीत बोराएवढे खडे बसत. रस्त्याने जाताना मागून टप्प. मी वळून न बघता "काय गं?" म्हणायचं आणि तिने खिदळायचं, असा आमचा रिवाज पडला. खाणीवरचा दम मात्र ती जुनाच ठेवी. तिथे ओरडायचं असतं आणि शाळेत गायचं असतं, हे त्या पोरीला कळत होतं. मास्तराला कळत नव्हतं.

"उद्या बाराला मी खाणीवर येतो," मी एक दिवस जाहीर केलं. "मोकळ्या रानात आवाज कसा लागतो ते बघू."

इस्त्रीचं धोतर, वर पांढरा सदरा, आणि वाटेत चिखल लागेल म्हणून वहाणा हातात, अशा थाटात मी गेलो. खडकाजवळ मला बघून तिचा चेहरा उजळला. खाली तिमय्याने विडी दाखवली आणि पहिल्या वातीला टेकवली. भोंग्याने आवाज सोडला. मी वहाणा पायांत सरकवल्या आणि माझा हात, अक्कल विचारायच्या आत, वर गेला.

काय आवाज होता तो! टेकाडाला आपटून परत आला तरी मूळचा चालूच. ती ओरडत नव्हती, गात होती, माझ्या हाताकडे बघत गात होती. ओढ्यापलीकडून पांडबा ओरडला, "आरं, आज सरतंय का न्हाई हे?" मला ती दाद वाटली. मी दुसराही हात वर केला. खाली तिमय्या सावकाश तिसरी पेटवत होता, चौथी पेटवत होता, पाचवीकडे वळला होता. दम तुटला नव्हता. घड्याळ चालू होतं.

पहिला बार उडाला तेव्हा तो खाणीच्या कडेवर कोपर टेकून वर येत होता. मग दुसरा, मग तिसरा. जमीन माझ्या टाचांतून डोक्यापर्यंत हादरली. एक चिरा ओढा ओलांडून पांडबाच्या बैलाच्या पाठीवर बसला आणि बैल मागचे पाय ओढत हंबरत फिरू लागला. धूर विरला तेव्हा तिमय्या उभा होता. चेहऱ्याच्या जागी रक्त आणि बारीक खडी. दोन पावलं इकडे टाकली, दोन तिकडे, आणि मग तो सरळ खाणीकडेच चालू लागला. भोंग्याने खडकावरून उडी टाकून त्याला कमरेला मिठी मारली. आतले उरलेले दोन बार त्यांच्या अंगावरून गेले.

पांडबा ओढ्यातून धावत आला. हातात बैलाची पराणी होती. "मुद्दाम लांबवलंस, भवाने! बापाचं डोळं खाल्लंस, माजा बैल खाल्लास!" तो तिला मारत सुटला. पराणी मोडली तेव्हा मोडक्या तुकड्याने मारू लागला. खाणीवरचे इतर चौघे बघत उभे होते. त्यांनाही पोरीचंच चुकलं असं वाटत होतं.

मी दहा पावलांवर होतो. "पांडबा, हात माझा होता." चारच शब्द. जो मास्तर एका प्रार्थनेवर तासभर बोले, त्याच्या तोंडून चार शब्द निघेनात. मी वहाणांकडे बघत राहिलो. उजव्या वहाणेचा अंगठा तुटायला आला होता, हे मला अजून आठवतं. मार खाता खाता तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. तिच्या मुठीत दगड होता, लिंबाएवढा. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दगड तिच्या पायाशी पडलेला होता.

तिने तो मारला नाही. त्यापुढे तिने मला कुठलाच दगड मारला नाही.

पुण्याच्या इस्पितळात त्यांना मीच पोचवलं. एवढं करून मनाला खाणारं थांबेल असं मला वाटलं होतं. तिमय्याचे दोन्ही डोळे गेले. भोंगा महिनाभर अवाक्षर बोलली नाही. मग झोपेतून किंचाळत उठणाऱ्या बापाला आपण कुठे आहोत ते कळावं, म्हणून ती व्हरांड्यातून एकेक दम सोडू लागली. शेजारच्या खाटेवर एका कलापथकातला ढोलकीवाला पाय मोडून पडला होता. तो बरा होऊन निघाला तो बापलेकीला बरोबर घेऊनच. पुढे गावोगावचे तंबू, मग मोठी नाट्यगृहं, मग रेडिओ, मग आगबोट आणि विमान. दगड फोडताना तिच्या माणसांनी म्हटलेली गाणी ती तिच्या भाषेत गाई, आणि सुरुवात नेहमी एकाच शब्दाने करी, "सुरुंऽऽऽग!" त्या न संपणाऱ्या दमाने म्हणे गोरे लोक खुर्च्यांतून उठून उभे राहत. पौडच्या एसटी स्टँडावरच्या हॉटेलात रेडिओवर तो पहिल्यांदा ऐकला, तेव्हा हातातला चहा मी स्वतःच्या मांडीवर ओतून घेतला.

आणि मग माझ्या गाढवपणाने कळस गाठला. पुण्याचा एक पेपरवाला शोधत उरवड्याला आला. मी पेटी पुढे घेऊन फोटो काढून घेतला. पणतीची गोष्ट सांगितली, वर धरलेल्या हाताची सांगितली. 'हा दम मी घडवला,' असं वाक्य माझ्या नावावर छापून आलं. गावाने माझा सत्कार ठरवला. साठचं दशक सरत आलं होतं आणि मलाही शाल शोभेल इतके केस पिकले होते.

सत्काराच्या दिवशी सकाळी शाळेच्या अंगणात एक मोटार उभी राहिली. भोंगा उतरली. अंगावर साधं हातमागाचं लुगडं, बोटांत बापाचं बोट. गाव लोटलं. तिमय्याला पुढची खुर्ची दिली तर तो काठीने चाचपत थेट मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. "सगळीकडं असंच," ती म्हणाली. "लंडनला बी. माझ्या गाण्याला जवळ बसत नाहीत." मग तिने माझ्याकडे पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"गुर्जी, पेपरात अर्धंच छापलंय."

एवढंच म्हणाली आणि पोरांमधे जमिनीवर बसली.

मी बोलायला उभा राहिलो. गळ्यात हार होता, तो काढला. मग चार शब्द काढले. पांडबा पुढच्याच रांगेत होता, आता पार वाकलेला. "पांडबा, हात माझा होता," मी म्हणालो, आणि मग बाकीचं सगळं सांगितलं, दुसऱ्या हातासकट, वहाणेसकट.

पांडबा काठीच्या आधाराने उठला. "गुर्जी, म्या तिला मारली," तो म्हणाला. "पराणी मोडस्तवर मारली. आन् तुमी हुबं व्हता!" त्याने तीच काठी उगारली. मी डोकं पुढे केलं. काठी खांद्यावर बसली, हाड वाजलं.

"ऱ्हाऊ दे, मुकादम," मागच्या भिंतीकडून तिमय्या म्हणाला. "मला ठावं हाय."

"तवा डोळं व्हतं मला. कडंवर कोपर टेकला आन् वर बगितला. गुर्जीचं दोन हात, पांढरी बाही. त्येच्यापुढं मी काय बगितलंच न्हाई. मंग रोज तेच बगतो. दुसरं काय हाय बगायला?"

"मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?" मी विचारलं.

"तुमी बोलाल म्हनून थांबलो."

त्या दिवशी ती गायली नाही. कुणी गा म्हणायलाही धजलं नाही. लोक पांगले. खांदा धरून मी शाळेच्या पायऱ्यांकडे निघालो. मागे मोटारीचं दार उघडल्याचा आवाज आला, तिमय्याची काठी मोटारीच्या पत्र्याला लागल्याचा आवाज आला, आणि मग डोक्याच्या मागे, नेम यत्किंचित न चुकता, लिंबाएवढा.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. मानेवरून रक्त सदऱ्यात उतरू लागलं. मी भिंतीला हात टेकला आणि वळून न बघता म्हणालो,

"काय गं?"