वाटाड्या मावशींचा चष्मा

ते घनदाट जंगल मावशींच्या जमातीचं होतं. वाटाड्याशिवाय तिथे कुणाला आत सोडत नसत आणि बावीस वर्षं हे काम मावशीच करत होत्या. लांबचं त्यांना धूसर दिसायचं, पण सगळ्यांनाच तसं दिसतं अशी त्यांची समजूत. शेवटी सून हात धुऊन मागे लागली आणि चष्मा झाला.

दुसऱ्याच दिवशी त्या सहा पाहुण्यांना घेऊन निघाल्या. चष्म्याची सवय नसल्याने पाय अडखळत होते. एका थोराड झाडापाशी थांबून त्यांनी तोंडपाठ माहिती सुरू केली, "याची फुलं पार शेंड्यावर लागतात. आपल्या वाट्याला खाली पडलेल्या पाकळ्याच..."

बोलता बोलता त्यांनी वर पाहिलं आणि त्यांची मान तशीच वर राहिली. अख्खा शेंडा पिवळाधमक होता.

"एखादा प्राणी दिसला का?" एका पाहुण्याने हळूच विचारलं.

"नाही हो, फुलंच आहेत. जरा बसू या का इथे?"

सगळे मुळांवर टेकले. त्या दिवशी चालणं निम्मंच झालं, पण कुणी कुरकुर केली नाही.

घरी सुनेने विचारलं, "चष्म्याचा त्रास होतोय का?"

"होतोय की," मावशी म्हणाल्या, "पण काढायची नाही मी."