आठपर्यंतची मोजणी

आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंना सगळे 'आठबाई' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यांचे गर्भ शरीराबाहेर वाढवायचे आणि जास्तीचे गोठवून ठेवायचे, हे बाईंचं बावीस वर्षांचं काम. मी त्याच दवाखान्यात खरेदी आणि साठा बघतो. प्रयोगशाळेत मला प्रवेश नाही. सामान आत द्यायला भिंतीत हातभर खिडकी आहे, तिच्या बाहेर मी आणि आत बाई, अशी आमची ओळख.

आठबाई हे नाव का पडलं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गोठवलेला गर्भ प्लास्टिकच्या एका बारीक काडीच्या टोकावर असतो. तो इतका लहान की नुसत्या डोळ्यांना ठिपकाही नीट दिसत नाही. अशा चार-पाच काड्या एका पेल्यात, असे काही पेले एका लांब दांड्याच्या डब्यात आणि तो डबा द्रव नायट्रोजनच्या टाकीत बुडवलेला. हवी ती काडी शोधायची तर डबा टाकीच्या गळ्यापर्यंत वर घ्यावा लागतो. तिथे द्रव नसतो, नुसती थंड वाफ. फार वेळ डबा वर राहिला तर काढायची ती काडी राहते बाजूला आणि शेजारच्या काड्या तापू लागतात. म्हणून बाई डबा वर घेतला की मोठ्यानं मोजत. आठ म्हटलं की डबा खाली, काडी सापडो न सापडो. नाही सापडली तर थांबायचं आणि पुन्हा एकपासून. त्या खोलीतून 'नऊ' मी कधी ऐकला नव्हता.

त्यांचे यजमान जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. ते एकदा बाईंना न्यायला आले तेव्हा म्हणाले, "घरी माझ्यावर चिडली तरी मनात आठ मोजते. नवव्याला मी सुटतो." बाई म्हणाल्या, "ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, घरातलं दूध किती मिनिटांत उतू जातं ते अजून मोजता आलं नाही."

शिस्त मात्र भयंकर होती. बाई अत्तर लावत नसत, साबणही बिनवासाचा. गर्भाला वास सोसत नाही, असं त्यांचं सरळ सांगणं. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी खिडकीतून म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमच्या डोक्यावर केस कमी आणि तेल जास्त आहे. उद्यापासून बिनवासाचं." तेव्हापासून आजतागायत बिनवासाचं. एकदा खालच्या मजल्यावर रंगकाम निघालं, तर बाईंनी आठवडाभर नवीन काम घेतलं नाही. डॉक्टर चिडले. बाई म्हणाल्या, "रंग वाळेपर्यंत लोकांना थांबायला सांगा. गर्भाला मी काय सांगू?"

या बावीस वर्षांत प्रयोगशाळा पार बदलली. पूर्वी गर्भ हळूहळू गोठवत आणि बाहेर काढताना निम्मे तडकत. आता क्षणात काचेसारखे गोठवतात आणि शंभरातले पंचाण्णव धडधाकट बाहेर येतात. गर्भ वाढवायच्या उबदार पेटीत कॅमेरा बसला, तो दर दहा मिनिटांनी फोटो घेतो. एक संगणक त्या फोटोंवरून प्रत्येक गर्भाला गुण देतो. त्या यंत्राला बाई 'जावईबापू' म्हणत. "काम काही करत नाही, पण बसल्या जागी सगळ्यांना नावं ठेवतो."

गेल्या वर्षी नवीन टाकी आली आणि तिच्याबरोबर चकत्या. प्रत्येक काडीला एक चकती चिकटवायची, म्हणजे यंत्र ती वाचून कुणाची काडी ते सांगणार. चूक व्हायला जागाच उरू नये, हा हेतू. पण त्यासाठी जुन्या टाकीतल्या तीनशे चाळीस काड्या एकेक करून नव्या टाकीत न्यायच्या होत्या. जुन्या काड्यांवरची अक्षरं हातानं लिहिलेली, शाई फिकट झालेली. प्रत्येक काडीवरचं नाव आणि तारीख दोघांनी मोठ्यानं वाचायची. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं कागदाशी ताडून पुन्हा वाचायचं आणि 'जुळलं' म्हणायचं. त्याशिवाय काडी हलत नसे, काही फेकायचं असलं तरीही. बाई आणि त्यांच्या हाताखालच्या धाकट्या बाई रोज सकाळी पाच-सहा काड्या करत.

त्या मंगळवारी साडेदहाच्या सुमाराला नायट्रोजनवाल्याचा मला फोन आला. दुसऱ्या दिवसासाठी किती कॅन हवेत ते त्याला लगेच हवं होतं. टाकी उघडी असली की खिडकीवर आतून लाल पाटी लावतात आणि तेव्हा खिडकी उघडायची नसते. पाटी लावलेली होती. माझ्या कानाला फोन होता, मी ती पाहिली नाही. खिडकी सरकवली आणि विचारलं, "बाई, उद्याला किती कॅन सांगू?"

बाईंची पाठ माझ्याकडे होती. डबा वर धरलेला, वाफ खांद्यापर्यंत.

"पाच, सहा, सात," त्या मोजत होत्या. मग दोन-तीन सेकंद विचार करून, मान न वळवता म्हणाल्या, "चार." आणि त्याच दमात, "पाच, सहा, सात, आठ." डबा खाली गेला.

मी फोनवर चार सांगितले. खिडकी बंद करणार तोच आतून बाईंचा आवाज आला. "मी कुठून मोजलं?"

"कुठून म्हणजे?" धाकट्या बाई म्हणाल्या. "आठला सोडलात ना."

"सातनंतर मी यांना उत्तर दिलं. आणि उत्तराच्या पुढे मोजलं."

मी तिथेच मनात हिशेब केला. सात, मग माझ्या प्रश्नावर विचार केला ते दोन-तीन, मग उत्तर आणि पुढचे चार. चौदा तरी झाले, कदाचित पंधरा. बाईंनी गळ्याशी आलेल्या पेल्यातल्या चार काड्यांची नावं काढली. तिघांची मुलं आधीच झालेली होती आणि त्यांचे आणखीही गर्भ होते. चौथी काडी चष्म्याच्या दुकानातल्या बाईची.

तिला आम्ही सगळे ओळखत होतो. ती दुकानात भिंगं तपासते, नवरा क्रेन चालवतो. चार वर्षांपूर्वी तिला कर्करोग निघाला. औषधं सुरू करण्याआधी घाईघाईनं तिची बीजं काढली आणि त्यातून एकच गर्भ टिकला. औषधांनी ती वाचली, पण तिच्या अंगात पुन्हा बीज तयार होणार नाही हे पक्कं झालं. ती एक काडी म्हणजे तिचं सगळं. महिन्याभरात तो गर्भ तिच्या पोटात ठेवायचा असं ठरलेलंही होतं.

डॉक्टर म्हणाले, "चौदा सेकंदांनी काही होत नाही. पेल्यात थोडा द्रव असतोच."

"असतो," बाई म्हणाल्या. "किती होता ते मला माहीत नाही."

"बाहेर काढल्याशिवाय तपासता येत नाही, आणि एकदा काढला की परत ठेवता येत नाही. मग आधीपासून घाबरवून काय मिळणार? उगाच तिला महिनाभर जाळायचं."

"मी नोंदवहीत लिहिलंय," बाई म्हणाल्या. "लिहिलेलं तिला सांगायचं की नाही, एवढंच बोला."

डॉक्टर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले, "सांगा."

नवरा-बायको शुक्रवारी आले. कागदांवर सह्या घ्यायला मला बसवलं होतं. बाईंनी न अडखळता सगळं सांगितलं. फक्त मध्ये कोण बोललं ते सांगितलं नाही.

नवरा म्हणाला, "मी वीस मजले वर लोखंड उचलतो. कुणी मध्ये बोललं तर त्याला आम्ही कामावरून हाकलतो."

"मध्ये मी बोललो," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो बायकोकडे वळला आणि म्हणाला, "दुसरीकडे नेऊ या का?"

"तिकडे नेऊन तो नवा होणार आहे का?" ती म्हणाली. मग बाईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? आहे का जिवंत?"

"मला सांगता येत नाही."

"खोटं तरी बोला की एकदा."

बाईंचे नुसते ओठ हलत होते. मोजत होत्या की काय कोण जाणे.

"मग बाहेर तुम्हीच काढा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हातानं नको. तुम्हाला तरी त्याची भीती आहे."

तो महिना बाईंनी कसा काढला ते मी खिडकीतून पाहिलं. काम चुकलं नाही, पण बोलणं आटलं. डबा वर घ्यायच्या आधी त्या धाकट्या बाईंना पाटी लावली का असं तीन-तीनदा विचारत. यजमान मला दारात भेटले. नेहमीसारखं काही तरी बोलतील म्हणून मी थांबलो, तर हळूच म्हणाले, "झोपेतसुद्धा मोजते हो. आठच्या पुढे जाते आणि दचकून उठते."

ठरल्या दिवशी सकाळी आठला बाईंनी काडी बाहेर काढली. गोठलेला गर्भ आक्रसलेला असतो. उबेत आला की तास-दोन तासांत तो पुन्हा फुगतो, आणि फुगला की जिवंत. चष्मेवाली बाहेरच्या बाकावर अंगावर दवाखान्याचा झगा घालून तयार बसली होती. नवरा उभाच होता. मी आपला खिडकीजवळच्या टेबलावर खोकी इकडची तिकडे करत होतो.

नऊला धाकट्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अजून वेळ आहे." दहालाही तेच. अकराला त्या आल्याच नाहीत. बाराला बाई स्वतः आल्या, टोपी आणि मुखपट्टी काढलेली. ते पाहूनच नवरा खाली बसला.

"फुगला नाही," बाई म्हणाल्या. "पेशी काळ्या पडल्यात. पोटात ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही."

"त्या चौदामुळे?" चष्मेवालीनं विचारलं.

"तेही सांगता येत नाही. शंभरातले पाच काही न होताही जातात."

"तुम्ही आधी सांगितलं नसतंत," ती म्हणाली, "तर मी नशीब म्हणून घरी गेले असते. आता तेही म्हणता येत नाही."

"हो," बाई म्हणाल्या.

तिनं गर्भ बघायचा हट्ट धरला. बाहेरच्या खोलीत एक पडदा आहे, तिथे कॅमेऱ्याचं चित्र येतं. बाईंनी ते लावलं. करडं वर्तुळ, मध्ये गोळा झालेला काळपटपणा. कोपऱ्यात जावईबापूंचा आकडा होता, शून्य. ती पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली, दुकानात भिंग तपासत असेल तशी.

"इथे कडेला काही चमकतंय," ती म्हणाली. "हे बघा, इथे. एवढी एक तरी पेशी असेल ना?"

नवरा उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. बाईंनी पाहिलं.

"दिव्याचं प्रतिबिंब आहे ते."

ती तशीच बघत राहिली. मग मागे सरकली. "हो. प्रतिबिंबच आहे. दिवसभर मी तेच तर काम करते. मला कळायला पाहिजे होतं."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आता त्याचं काय करता?"

बाईंनी सांगितलं. शेवटी गर्भ ठेवलेली बशीसुद्धा दोघांनी नाव वाचून मगच टाकायची असते, हेही सांगितलं.

"दुसऱ्यांदा मी वाचते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिला आत नेता येत नव्हतं, म्हणून मी खिडकी सरकवली. आधी पाटी पाहिली. पाटी नव्हती. बाईंनी आतून बशी खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि तिच्यावरचं वाचलं. बायकोचं नाव, नवऱ्याचं नाव, चार वर्षांपूर्वीची तारीख. आवाज कागद वाचतानाचाच होता.

चष्मेवालीनं ताडायला दिलेल्या कागदावर बोट ठेवलं. आपलं नाव वाचलं, नवऱ्याचं वाचलं, तारीख वाचली. मग थांबली. बाईही थांबल्या. बशीवर त्यांचा हात होता, पण ती उचलता येत नव्हती.

"आता मी काय म्हणायचं?" तिनं विचारलं.

"जुळलं, म्हणायचं."

"जुळलं," ती म्हणाली.