सुमनच्या फोटोत मी

आमच्या घरात उजेडातलं कळणारा एकच माणूस होता, आणि त्यानेच सगळ्या घराला अंधारात बसवलं. तो म्हणजे आमचे हे.

पासष्ट-सहासष्टची गोष्ट असेल. आम्ही तेव्हा जळगावला. हे एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात होते. दिवसभर कापसाच्या गाठी, संध्याकाळी कॅमेरा. डबा कॅमेरा होता तो, कुणाकडून तरी जुना घेतलेला. पण हे तो ज्या हळुवारपणे पुसत, तसं पोराचं नाक त्यांनी कधी पुसल्याचं मला आठवत नाही.

तर माझ्या नणंदेला, सुमनला, धुळ्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा शिक्षक, माणसं भली. सुमनलाही मनातून हवं होतं. (विचारलं तर "मला काय माहीत" म्हणायची, पण धुळ्याची गाडी कधी सुटते ते बरोबर माहीत.) आधी दोन ठिकाणी नकार आलेला, त्यामुळे सासूबाईंची झोप उडाली होती. त्यांना सगळे अक्का म्हणत. हे तिसरं स्थळ हातचं जायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

मुलाच्या आईने मध्यस्थांबरोबर निरोप धाडला, स्टुडिओतला फोटो नको. थोरल्या सुनेच्या फोटोत स्टुडिओवाल्याने काढलेल्या भुवया लग्नानंतर कुणाला सापडल्या नव्हत्या म्हणे. घरातला साधा फोटो पाठवा.

हे ऐकून आमच्या ह्यांचा चेहरा असा उजळला की त्याच उजेडात फोटो काढून टाकला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

"अंगणात काढू या की," मी म्हटलं.

"ह्या उन्हात? डोळे बारीक होतात, नाकाखाली सावली पडते, पोरीला मिशा आल्यासारख्या दिसतात. तुला यातलं काही कळत नाही."

नाही कळत बाई. ज्यांना कळतं त्यांनी मग मित्राकडून फ्लॅश आणला. ताटलीएवढा चकचकीत वाडगा, आणि त्यात लावायचे, एकदाच पेटून संपणारे दोन बल्ब. सुमनला काचेच्या कपाटापुढे बसवलं. (मागे कपबशा दिसल्या म्हणजे घर सुधारलेलं वाटतं, ही कल्पना माझी.) फाटकन उजेड झाला. हे म्हणाले, "फर्स्टक्लास."

फोटो धुऊन आला. सुमनच्या मानेवर तोंडाच्या जागी पांढरा गोळा.

अक्का फोटो उलटसुलट करत म्हणाल्या, "हाई काय शे? पोर कोठे शे?"

"काचेवरून उजेड उलटला," हे म्हणाले.

दुसरा फोटो जवळून घेतला होता. त्यात तोंड होतं, पण नाक शोधावं लागत होतं. पोरगी गिरणीतल्या पिठाच्या पिंपात पडून आल्यासारखी. सुमन रडायला लागली. "भाऊ, हाच पाठव. तिसराही नकार येऊ दे, म्हणजे सुटले मी."

तो रोल धुण्यात गेला. आता मित्राने दिलेल्या उरल्यासुरल्या रोलमध्ये एकच फोटो बाकी होता, आणि मध्यस्थ नाना दोन दिवसांत धुळ्याला परत निघणार होते. ह्यांनी जाहीर केलं की फ्लॅश हा मुळातच अडाणी प्रकार आहे. आणि संध्याकाळी फॅक्टरीच्या आवारातला भोपळ्याएवढा बल्ब होल्डरसकट घरी घेऊन आले.

"हा एका बाजूला लावायचा. दुसऱ्या बाजूला तू माझं पांढरं धोतर ताणून धर. उजेड त्यावर आपटून परत यायला हवा."

उजेडसुद्धा शेजारणीच्या वाटीसारखा परत करायचा असतो, हे मला तेव्हा कळलं.

अडचण अशी की आमच्या वायरी साध्या बल्बांना सरावलेल्या. हा राक्षस फार वेळ लावला तर जळतील. म्हणून बटणापाशी अक्का. ह्यांनी "हं" म्हटलं की दिवा लावायचा, हे मनात एक-दोन-तीन म्हणेपर्यंत कॅमेऱ्याचा खटका दाबून धरणार, तोवर कुणी हलायचं नाही, मग दिवा बंद.

"हं."

अक्कांनी बटण दाबलं. लख्ख उजेड. आणि सुमनने डोळे मिटून हात जोडले.

अहो, तिन्हीसांजेची वेळ. घरात दिवा लागला की हात जोडायचे, हे तिला दुधाबरोबर पाजलेलं. ह्यांचं बोट खटक्यावर थांबलं म्हणून बरं.

"सुमे, हा देवाचा दिवा नाही. फॅक्टरीचा आहे."

"हो भाऊ. चुकून झालं."

पुन्हा "हं", पुन्हा उजेड, पुन्हा नमस्कार. ह्या खेपेला अक्कांनीही जोडले.

"अक्का, तू तरी!"

"दिवा लागना का हात जोडतसच," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पोरनं काय चुकनं?"

तेव्हा मी डोकं चालवलं. (तिथंच चुकलं.) म्हटलं, हिचे हात भरून टाकू, म्हणजे जोडणार कशाने? तिच्या हातात पितळी फुलदाणी दिली आणि धोतर घेऊन जागेवर गेले.

"हं."

उजेड पडला. हात जुळले नाहीत, पण मान खाली गेली. खटका दाबलेला मला दिसला, आणि माझ्या हातून धोतर सुटलं. मी तिच्या खांद्यामागे येऊन हात उगारून ओरडले, "सुमे, मान वऽऽर!"

तो "वऽऽर" मी इतका लांबवला की ह्यांचे एक-दोन-तीन त्यातच झाले. शेवटी फट्‌ आवाज आला आणि फ्यूज उडाला.

फोटो मात्र सुरेख आला. सुमनचं नाक, भुवया, सगळं जागेवर. मान खाली, हातात फुलदाणी, गरीब गाय. आणि तिच्या मागे हात उगारून, वासलेल्या तोंडाने मी. अक्कलदाढ मोजता येत होती.

"मला कापून टाका ना त्यातून," मी म्हटलं.

"तुला कापलं तर सुमनचा खांदा जातो," हे म्हणाले. नाना दारात खोळंबलेले. गेला फोटो.

आठवड्याने होकार आला. सुपारी फोडायला मुलाची आई स्वतः आली. चहा झाल्यावर तिने अक्कांना बाजूला घेतलं. मी दाराआडच होते.

"खरं सांगू, आमचं काही ठरत नव्हतं," ती म्हणाली. "पण तो फोटो पाहिला आणि ह्यांना म्हटलं, त्या भावजयीच्या तावडीतून आधी त्या लेकराला सोडवा."

अक्कांनी खुलासा केला नाही. लग्न जमत होतं ना.

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत समोरच्या किराणावाल्या शेठजींची बायको त्यांच्या पुष्पाला नटवून घेऊन आली.

"भाभी, फोटो काढायचाय. तुम्ही फक्त हिच्या मागे उभ्या राहा. जरा रागाने बघा हं."

मी काही बोलायच्या आत आमचे हे आतून म्हणाले, "त्यासाठी तिला वेगळं काही करावं लागत नाही."