सासऱ्यांनी अंग सैल सोडलं, त्याची गोष्ट

विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत माझे सासरे सत्तरी उलटल्यावरही कुणाला झावळी उचलू देत नसत. गेल्या वर्षी केळीचा लोंगर खांद्यावरून उतरवताना त्यांच्या कमरेत उसण भरली आणि ते वाकले तसेच राहिले. नवऱ्याने आणि शेजाऱ्यांनी धरून घरात आणलं, तेव्हाही ते सांगत होते, "माझं राहू द्या, लोंगर आधी सावलीत ठेवा."

विरारच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिले. मणक्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. गोळ्यांनी उसण उतरली, पण दुखणं काही हटेना, म्हणून त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली तरुण मुलगी सासऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अंकल, दुखेल म्हणून तुम्ही अंग आवळून धरता, आणि आवळून धरता म्हणून जास्त दुखतं. जरा रिलॅक्स व्हा ना."

"मी रिलॅक्सच आहे," सासरे म्हणाले. मुठी वळलेल्या, दातांवर दात, खांदे कानांना लागलेले.

तिनं हळूहळू चालणं चालू ठेवायला सांगितलं आणि एक पद्धत शिकवली. गुडघ्यांखाली उशी घेऊन उताणं पडायचं. पोट फुगवत सावकाश श्वास घ्यायचा. मग पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक भाग हलकेच आवळायचा आणि सोडून द्यायचा. सोबत फोनवर एक रेकॉर्डिंगही पाठवलं.

घरी चटई घातली, रेकॉर्डिंग लावलं. एक बाई मधाळ हिंदीत बोलू लागली. सासऱ्यांनी एक डोळा उघडला. "ही कोण? कुठं राहते?"

"बाबा, ती कुणीही असो. तुम्ही डोळे मिटा."

"ओळख ना देख, तिच्या सांगण्यावरून मी पाय का आवळू?"

माझी नोकरी घरूनच चालते, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. दुपारी जेवणानंतर मी चटईशेजारी बसून मराठीत सूचना द्यायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सासऱ्यांशी माझं बोलणं 'चहा ठेवू का' आणि 'वीज आली का' याच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. आता मी त्यांना सांगत होते, "बाबा, जबडा सोडा." सासूबाई दारात भाजी निवडायला बसत आणि पदर तोंडाला लावून हसत. "चाळीस वर्षं मी हेच सांगते. माझ्यासाठी कधी सोडला नाही."

आवळण्यात सासऱ्यांचा हात कुणी धरला नसता. सोडणं मात्र जमेना. मी "श्वास सोडा" म्हणायची आणि ते श्वासाबरोबर एखादी सूचना सोडायचे: अळूच्या पानांना ओला गोणपाट घाला, चाफ्याच्या कळ्या आज काढा. मग मी माझी हुशारी चालवली. त्या मुलीनं सांगितलं होतं की मनाला आवडत्या जागी न्यायचं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बागेत उभे आहात. बावखलाच्या तळ्यातलं पाणी मोटरीनं वर येतंय. पाटातून संथ वाहतंय. केळींच्या मुळाशी..."

"कुठल्या केळींच्या?" ते ताडकन उठायला गेले आणि कळ येऊन पुन्हा आडवे झाले. "खालच्या अंगाचा पाट फुटलाय. मोटर कुणी चालू केली?"

मी हात टेकले. सासूबाई मात्र भाजीची परडी बाजूला ठेवून आत आल्या आणि त्यांच्या उशाशी बसल्या. आमच्याशी बोलताना ठेवणीतली मराठी, पण त्यांच्याशी त्या घरातल्या जुन्या बोलीत बोलल्या. मला सगळं कळलं नाही, अर्थ एवढाच होता: मोटर बंद आहे. पाट मुलानं सकाळीच बांधला. केळी बाजारात गेली, नारळ उतरले, फाटक लावलंय. आज तुमच्याशिवाय अडलेलं काही नाही.

सासरे छताकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी वाकलो तो उठताच येईना. वाटलं, संपलं आता. तेव्हापासून कूस बदलायचीही भीती वाटते."

हे त्यांनी आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मग घाबरा की. पण श्वास घेत घाबरा."

पोट वर आलं, खाली गेलं. काही वेळाने त्यांच्या मुठी उघडल्या. तो राकट, भेगाळलेला तळहात रिकामा आणि उताणा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला. थोड्याच वेळात घोरणं सुरू झालं. सासूबाई खुणेनंच मला म्हणाल्या, चल बाहेर.

पुढे हळूहळू फरक पडत गेला. कंबर अजूनही थंडीत कुरकुरते, पण ते बागेत फिरतात, वाकताना गुडघे वाकवतात, आणि लोंगर नवऱ्याला उचलू देतात, अर्थात सूचनांसकट. कळ आली की पूर्वीसारखे ताठ होत नाहीत. उभे राहून श्वास सोडतात आणि मग पाऊल टाकतात.

दुपारचा नेम आता त्यांचा ते करतात. फक्त त्याची वेळ फार सोयीनं हलू लागली आहे. परवा कुणाच्या तरी लग्नाची बोलणी करायला लांबचे नातेवाईक आले. सासरे लगबगीनं आतल्या खोलीत गेले आणि चटईवर आडवे झाले. मी डोकावले तर डोळे मिटूनच कुजबुजले, "सांग त्यांना, डॉक्टरांनी उठायला मनाई केलीय."

"असं कुठल्या डॉक्टरांनी सांगितलंय, बाबा?"

"जबडा सोडलाय मी," ते म्हणाले. "मला आता बोलता येत नाही."