चिमणी कुणीही चालेल

माझ्या ताईचा विषय निघाला की अजूनही माझं डोकं सणकतं. शांतपणे सांगायला बसलो तरी तिसऱ्या वाक्याला आवाज चढतोच.

गाणाऱ्या मुलांचा एक चमू आहे. ताई नऊ वर्षांची असताना निघाला, अजून चालू आहे. त्यात कायम चौघं: चिमणी, भोपळू, बेडकू आणि राणी. मूल वाढलं, पोशाख अंगाला होईना, की त्याला काढायचं आणि तोच पोशाख, तेच नाव दुसऱ्याच्या अंगावर चढवायचं. पहिली चिमणी माझी ताई. पुढे किती झाल्या ते मालकालाही सांगता येणार नाही. गाणी मात्र पहिल्या वर्षी रेकॉर्ड केलेलीच वाजतात. स्टेजवरची पोरं नुसते ओठ हलवतात.

आणि ओठ हलवायला शिकवायचं कुणी? ताईनेच! लग्न झालं, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तालमीच्या खोलीत आरशासमोर बसून ही प्रत्येक नव्या चिमणीला सांगणार, "इथे श्वास घे गं, इथे मी घेतला होता." मी चिडलो की म्हणायची, "अरे, पोरांत दिवस बरा जातो." तिला स्वतःचं मूल नव्हतं.

मग चमूचे पोशाख शिवणाऱ्या शिंप्याची मुलगी चिमणी झाली. आवाज जाडसर, पण गळा असा की ऐकत राहावं. तिला नुसते ओठ हलवणं जमेचना, ती खरंच गायची. पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जायचं. मालकाने फर्मान काढलं, "रविवारचा कार्यक्रम झाला की हिला काढा."

ताई जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी भांडली. "गाते म्हणून काढायचं?"

"लोकांना चिमणी हवीय, ताई. हा कावळा आहे."

पोरीच्या देखत बोलला हे! मी तिथे असतो तर दात पाडले असते.

रविवारी दुसऱ्या गाण्याला ताईने गाणी वाजवणाऱ्या मशीनची वायर उपटली. पोरगी गांगरली, तिने ताईकडे बघितलं आणि एकटीच गायला लागली. काय गायली! मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या अंगावर काटा आला. आणि प्रेक्षक? शिट्ट्या. "मशीन बंद पडलंय, मशीन लावा!" मालकाने स्टेजवर येऊन लोकांची माफी मागितली आणि दोघींना मागच्या दाराने बाहेर काढलं. शिंप्याच्या मुलीने त्यानंतर घरात गुणगुणणंसुद्धा सोडलं. ताई दोनदा तिच्याकडे जाऊन आली, पोरगी काही बाहेर आली नाही.

पुढच्या महिन्यात नवी चिमणी लागली. मालकाची गचांडी धरायची म्हणून मी तिकीट काढलं. ताई म्हणाली, "माझंही काढ."

पडदा उघडला. नवी पोर भलत्याच जागी तोंड उघडत होती. शिकवणार कोण? तिच्या डोक्यावरून ताईचा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमत होता. बाई काढून टाकली आणि गळा ठेवून घेतला, मेल्यांनी!

ताई ताडकन उठली. "बंद करा ते! माझा आवाज आहे तो!"

पुढच्या रांगेतली एक आई मांडीवरचं मूल सावरत मागे वळली.

"अहो बाई, जरा गप्प बसा ना. मुलांना गाणं ऐकू द्या."