प्रदर्शनातल्या दिवाणखान्यात पाहुणे

आमच्या घरात सोफा नव्हता असं नाही. त्यावर बसता येत नव्हतं, एवढंच.

म्हणजे बसता यायचं, पण उठता यायचं नाही. मधल्या स्प्रिंगांनी कधीच राम म्हटला होता. त्यामुळे मधे बसलेला माणूस बोलता बोलता आत आत जायचा आणि शेवटी त्याचे गुडघे कानांना लागायचे. आम्हा घरच्यांना सवय होती. मी शाळेतून आलो की डाव्या कडेला बसायचो, माझी बायको सुनंदा उजव्या कडेला, आणि मधली जागा वर्गणी मागायला येणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली होती. (एकदा आमच्या कॉलनीच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष त्यात असे काही रुतले, की शेवटी म्हणाले, "सर, वर्गणी राहू द्या, हात द्या!")

असं सगळं सुखात चाललेलं असताना पुण्याहून पल्लवीचा फोन आला. पल्लवी म्हणजे आमची एकुलती एक लेक. ती आणि तिच्या ऑफिसातला निखिल, दोघांचं ठरलं होतं. मुलगा धुळ्याचा. दोन्ही घरांनी फोनवरून होकार कळवला होता, पण आईवडलांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नव्हती.

"बाबा, निखिलचे आईबाबा रविवारी आपल्याकडे येतायत. त्याचे बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. फार शिस्तीचे आहेत. प्लीज, काही घोळ घालू नका."

"मी? मी कधी घोळ घातला?"

तिने तीन घोळ तारखांसकट सांगितले. मग ती म्हणाली, "आणि आधी तो सोफा काढा."

फोन ठेवला आणि मी सोफ्याच्या डाव्या कडेला जाऊन बसलो. पोरीने आयुष्यात कधी कसला हट्ट केला नाही. आता मागितलं तर एवढंच, की बापाने एक दिवस नीट वागावं. आणि नेमकं तेच आपल्या हातून होणार नाही, याची मला पक्की खात्री होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही जळगावचे शोरूम पालथे घालायला सुरुवात केली. आता खरं सांगतो, मला फर्निचर बघायला मनापासून आवडतं. काय एकेक माल असतो हो हल्ली! चार माणसं बसतील असं मऊ काहीतरी असतं, ते ओढलं की पलंग होतो, उचललं की आतून गाद्या-उशा ठेवायचं कपाट निघतं. आमच्या शाळेत एक शिक्षक एवढी कामं करत नाही! मी प्रत्येक वस्तूवरून हात फिरवत, प्रत्येक खण उघडून बघत, "वा! वा!" करत हिंडत होतो. सुनंदा मागून खण बंद करत येत होती.

एका शोरूममध्ये बटणावर चालणारी आरामखुर्ची होती. बटण दाबलं की पाय वर, डोकं खाली. मी बसलो, बटण दाबलं, पाय वर गेले, डोकं खाली गेलं, आणि लाईट गेली.

"सर, दोन मिनिटांत येईल," सेल्समन म्हणाला.

"काही घाई नाही हो," सुनंदा म्हणाली. "राहू द्या त्यांना तसंच, तोवर मी पडदे बघून घेते."

तिने तीन खोल्यांचे पडदे बघून घेतले. तेवढ्या वेळात माझे दोन विद्यार्थी आणि एक पालक दुकानात येऊन गेले. पालकांनी उलट्या दिशेने नमस्कार केला, मीही केला.

शेवटी स्टाफरूममध्ये कोणीतरी सुचवलं, की धुळ्याला सुतारकाम फार सुरेख होतं, सरळ घडवूनच घ्या. म्हणून आम्ही गाडी काढून धुळ्याला निघालो. वाटेत पारोळ्याला अक्काकडे चहाला थांबलो. अक्का ही माझी थोरली बहीण, बोलणं अस्सल अहिराणी. आम्ही का निघालोय हे ऐकताच तिने पिशवी भरली. "मनी भाची ना लगीन ना सोफा, आनि मी नही येऊ?" असं म्हणत ती गाडीत बसली ती थेट रविवार उरकूनच परत जायच्या तयारीने. पिशवीत हिरवी भरताची वांगी होती. थंडीच्या दिवसांत अक्का वांग्यांशिवाय कुठे जात नाही.

धुळ्याच्या त्या कारखान्यात पाऊल टाकलं आणि मी हरखूनच गेलो. सागवानी भुश्शाचा तो वास! एक कारागीर सोफ्याच्या हातावर वेल कोरत होता, इतका नाजूक की मी बोट लावायला गेलो आणि घाबरून मागे घेतलं. माणसाच्या हाताला एवढं जमतं, हे बघून मला भरूनच आलं. मी मिस्त्रींना म्हटलं, "असाच पाहिजे. रविवारपर्यंत."

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, रविवारपर्यंत मी तुम्हाला पाट देऊ शकतो."

"असं काय करता?"

"हल्ली बठ्ठ्यांनाच घाई! कालच इथले धुळ्याचे एक साहेब येऊन गेले, त्यांनाही लगेच पाहिजे. त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. जळगावला फर्निचरचं मोठं प्रदर्शन लागलंय. तिथे जा, तयार मिळेल."

म्हणजे आम्ही जळगावहून धुळ्याला आलो, ते जळगावला जा हे ऐकायला!

शनिवारी दुपारी आम्ही प्रदर्शनात पोचलो. अक्काने सकाळीच वांगी भाजून भरीत केलं होतं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या आणि ठेचा यांसकट डबा बरोबर घेतला होता. मैदानावर मोठा मांडव, आत स्टॉलच स्टॉल, आणि एका स्टॉलवर तर अख्खं घर! तीन भिंती, भिंतीवर पुठ्ठ्याचा टीव्ही, कोपऱ्यात ओटा, ओट्याला चकचकीत नळ, आणि मधोमध तो सोफा. मोरपंखी रंगाचा, रुंद हातांचा. मी बघतच राहिलो. असं वाटलं, की ह्या सोफ्यावर बसलेला माणूस आयुष्यात घोळ घालूच शकणार नाही.

घर आयतं मांडलेलं बघून अक्काही खूश झाली. "हाई बठ्ठं मांडेल शे की!" म्हणत तिने कडेला चपला काढल्या, आत गेली आणि सोफ्यावर मांडी घालून बसली. 'कृपया बसू नये' अशी एक पाटी तिथे होती. ती टोचते म्हणून अक्काने उपडी घालून तिच्यावर डबा ठेवला. स्टॉलचे मालक जेवायला गेलेले होते. आम्हाला वाटलं, येतीलच एवढ्यात, तोवर टेकावं.

घोटाळा केला तो अक्काच्या चपलांनी. बाहेर चपला दिसल्या म्हणून पुढच्या जोडप्याने चपला काढल्या. त्यांच्या बघून मागच्यांनी काढल्या. बघता बघता स्टॉलसमोर लग्नघरासारखा चपलांचा ढीग झाला! आणि चपला काढून कोणी आत आलं, की अक्काच्या लेखी तो पाहुणा.

"या भाऊ, या! कथाईन उनात? बसा!" कुठून आलात, हे ती प्रत्येकालाच विचारत होती.

"अक्का, हे आपलं घर नाही," मी कुजबुजलो.

"मंग काय व्हयनं? पाहुना उना ते त्याले उभा ठेवू का?"

तेवढ्यात एक साठीतले गृहस्थ आणि त्यांच्या बाई आल्या. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात मोजायची टेप. गृहस्थांनी सँडल काढून एका रेषेत लावले, सोफ्याच्या हातावरून बोट फिरवून धूळ बघितली आणि टेप लावून लांबी मोजायला लागले.

"काबरं उभा शेतस, भाऊ? बसा, पानी ल्या," असं म्हणून अक्काने नळ सोडला. नळ अर्थातच कोरडा. अक्काला जराही नवल वाटलं नाही. "आज नळ नही उना वाटस," ती म्हणाली.

"चालायचंच ताई," गृहस्थ समजुतीने म्हणाले, "आमच्याकडे तरी रोज कुठे येतो!"

मग मी माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. अक्काने डबा उघडला. भरताचा वास मांडवभर सुटला आणि समोरच्या गाद्यांच्या स्टॉलवरचे दोन सेल्समनसुद्धा चपला काढून आले! गृहस्थ म्हणाले, "नको नको, आमचं झालंय," आणि लगेच हात पुढे केला.

"कुठले तुम्ही?" मी विचारलं.

"धुळ्याचे. मूळचे सोनगीरचे."

इथे कोणाही शहाण्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला असता. माझ्या नाही पडला. उलट मी आणखी जवळ सरकलो.

"आमच्या मुलाची सोयरीक होतेय, जळगावलाच," ते सांगायला लागले. "सोन्याच्या गावची माणसं! आता त्यांचं आमच्याकडे येणं-जाणं सुरू होईल. आमचा जुना सोफा बघून काय म्हणतील, या धास्तीने आलोय."

"अहो, मग आपण एकाच नावेत!" मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो. "आमच्याकडे उद्याच धुळ्याचे पाहुणे येतायत. इंजिनियर माणूस! पोरगी सांगते, भयंकर कडक. मी तर म्हणतो, ताटात भरीत वाढलं तरी लेव्हल लावून बघत असेल!"

गृहस्थांचा घास हातातच राहिला. सुनंदाने मला कोपर मारलं. मला वाटलं तिला ठेचा हवाय, म्हणून मी ठेचा पुढे सरकवला. तिने पुन्हा मारलं. मी म्हटलं, "अगं, संपला."

आणि त्याच क्षणी सुनंदाचा फोन वाजला. पल्लवीचा व्हिडिओ कॉल! उद्याची तयारी कशी चाललीय ते बघायला. सुनंदाने गोंधळून फोन उचलला.

"आई, काय गं... अय्या! काका-काकू आजच आले?"

सुनंदाच्या हातातला फोन गोंधळात सगळ्या स्टॉलवरून फिरला.

"आणि किती छान दिसतंय आपलं घर! भिंतींना रंग कधी दिला? हा सोफा कधी घेतला? आई, मला रडू येतंय!" मग ती थांबली. "बाबा, पण तुमच्या मागे एवढी माणसं कोण उभी आहेत?"

"ती... ती सोफा बघायला आलीयेत," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार?

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मी सोफ्याकडे बघितलं. आमचा घरचा जुना सोफा त्या क्षणी मला फार फार हवा होता. मधोमध बसलो असतो आणि दिसेनासा झालो असतो. पोरीने एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती रविवार उजाडायच्या आतच मी मातीत घातली होती!

"म्हणजे मास्तर तुम्हीच?" त्यांनी विचारलं.

"हो. आणि ते लेव्हलवाले..."

"मीच."

त्यांनी भरीत वाढलेलं डब्याचं झाकण सावकाश वर उचललं, डोळ्यांच्या रेषेत धरलं, एक डोळा मिटला आणि गंभीरपणे म्हणाले, "भरीत जरा उजवीकडे कललंय."

"मंग डावीकडे आजून वाढस!" अक्का म्हणाली आणि तिने वाढलंसुद्धा.

मग ते जे हसायला लागले! त्यांच्या बाई हसल्या, सुनंदा हसली, चपला काढून उभी असलेली सगळी गर्दी हसली, फोनमध्ये पल्लवी एकटीच "काय झालं? बाबा, काय केलंत तुम्ही?" म्हणून ओरडत होती. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. (ठेच्यामुळे, असं मी नंतर सर्वांना सांगितलं.) निखिलच्या वडलांना सगळे नाना म्हणतात. त्या दिवसापासून मीही म्हणायला लागलो.

स्टॉलचे मालक जेवून परत आले तर त्यांच्या स्टॉलवर पंगत बसलेली! ते ओरडायला तोंड उघडणार, तोच चपलांच्या ढिगातून चारपाच जणांनी विचारलं, "शेठ, हाच सोफा आम्हाला पण मिळेल का?" शेठनी तोंड मिटलं आणि अक्काला विचारलं, "ताई, उद्या याल का?"

तो सोफा आम्ही घेतला. नानांनीही तोच घेतला, तोच मोरपंखी रंग, त्याच उशा. मोजमाप त्यांनी स्वतः केलेलं असल्यामुळे दुसरा बघायचा प्रश्नच नव्हता. लग्न झालं, पल्लवी धुळ्याच्या घरची झाली, आणि माझी काळजी कायमची मिटली.

निदान मला तसं वाटलं होतं. पहिल्याच दिवाळीला आम्ही धुळ्याला गेलो. भरपेट जेवण झालं, नाना बाजारात गेले, आणि मी त्या ओळखीच्या सोफ्यावर ओळखीच्या उशा घेऊन आडवा झालो. डोळा लागला. बेल वाजली तसा मी अर्धवट झोपेत उठलो, दार उघडलं. दारात नाना, हातात भाजीची पिशवी.

"अरे वा, नाना! या, या!" मी दोन्ही हात जोडले. "उभे का? बसा! अगदी आपलंच घर समजा!"

नानांनी चपला काढून एका रेषेत लावल्या, सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसले आणि म्हणाले, "पाणी मिळेल का?"

मी लगबगीने स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडला. नळ कोरडा! आमच्या घरीही तो असाच असतो, मग तर हे आपलंच घर यात शंकेला जागाच उरली नाही. मी आतूनच हाक मारली, "सुनंदा, आपला नळ गेला गं!"

ओट्याशी पल्लवी कपाळाला हात लावून उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी उगाच त्या जुन्या सोफ्याला नावं ठेवली. त्याचा काहीच दोष नव्हता."